कॅट्सकिल माउंटन हाउस: एका प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

२ मार्च २०२४, शनिवार

मंडळाची उन्हाळी सहल यंदाही न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत, नॉर्थ-साउथ लेकवरच ठरली. दर वर्षी तेच होतं. जेवणं आटोपली की सगळे कड्यापर्यंत चालत जातात, हडसनचं खोरं पाठीशी घेऊन फोटो काढतात आणि चहाच्या वेळेला परत येतात. ज्या मोकळ्या गवतावर उभं राहून फोटो निघतात, तिथं १८२४ पासून १९६३ पर्यंत कॅट्सकिल माउंटन हाउस नावाचं एक अवाढव्य लाकडी हॉटेल उभं होतं. डोंगरावर उन्हाळा घालवायला जायचं आणि त्यासाठी तिथं मुद्दाम बांधलेल्या हॉटेलात राहायचं, ही पद्धत अमेरिकेत ज्या मोजक्या ठिकाणी रुजली त्यांतलं हे अगदी सुरुवातीचं. यंदा त्याला दोनशे वर्षं होताहेत. तेव्हा हॉटेलची प्रतिकृती करायची, सोबत मराठीत चार पाट्या लिहायच्या आणि सहलीला घेऊन जायचं.

कामाला आजचा मुहूर्त मुद्दाम धरला. २ मार्च १८२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गिबन्स विरुद्ध ऑग्डेन या खटल्याचा निकाल दिला. तोवर न्यूयॉर्क राज्याच्या पाण्यात वाफेची बोट चालवायचा मक्ता लिव्हिंगस्टन आणि फुल्टन यांच्याकडे आणि त्यांच्यामागे त्यांच्या वारसांकडे होता. निकालाने तो मोडला, नव्या बोटी आल्या, चढाओढ लागली आणि भाडी उतरली. न्यूयॉर्क शहरातून संध्याकाळी बोटीत बसायचं आणि सकाळी कॅट्सकिलच्या धक्क्यावर उतरायचं हे आता व्यापाऱ्यालाच नव्हे, त्याच्या बायकामुलांनाही परवडू लागलं. हॉटेल सुरू झालं ते नेमकं त्याच वर्षी. पहिली पाटी इथूनच सुरू करावी म्हणते.

१० मार्च, रविवार

शेजाऱ्यांचे वडील सहा महिन्यांसाठी आलेत. मूळचे वाईचे, बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. फोम बोर्डांचा गठ्ठा गाडीतून उतरवताना त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "घर बांधतेस काय गं?" सगळं सांगितलं. तेव्हापासून काका रोज दुपारी चष्मा आणि फूटपट्टी घेऊन हजर.

त्यांचा पहिला प्रश्न होता, हे बांधलं कुणी, सरकारने? नाही. कॅट्सकिल गावच्या व्यापाऱ्यांनी. १८२३ मध्ये त्यांनी कॅट्सकिल माउंटन असोसिएशन नावाची मंडळी उभी केली, पैसे घातले आणि पाइन ऑर्चर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कड्यावर इमारत उठवली. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० फूट. काकांनी लगेच महाबळेश्वर काढलं. बरोबरच होतं ते. माल्कमपेठ वसलं १८२८-२९ च्या सुमारास, म्हणजे दोन्हींचा काळ जवळजवळ एकच. पण तिथं गव्हर्नर माल्कमच्या सरकारने आजारी गोऱ्या अंमलदारांसाठी गाव वसवलं. इथं किराणा, धान्य आणि कातड्याचा व्यापार करणाऱ्या माणसांनी नफ्यासाठी हॉटेल काढलं. "म्हणजे आधी गिऱ्हाईक कुठून येणार ते ठरलेलं असणार," काका म्हणाले.

ठरलेलं होतंच. १८२२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात पीतज्वराची साथ आली आणि ज्यांना जमलं ते शहर सोडून पळाले. पुढे १८३२ मध्ये कॉलरा आला. ऑगस्टमध्ये शहरात राहू नये हे पैसेवाल्या घरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरं कारण मी अंदाजाने जोडते आहे. कॅट्सकिल गाव सस्केहॅना टर्नपाइकवर जगत होतं. पश्चिमेकडचं धान्य त्या रस्त्याने नदीवर यायचं. १८१७ पासून उत्तरेला एरी कालवा खणला जात होता आणि १८२५ मध्ये तो पुरा झाला. माल आता कालव्याने जाणार हे गावच्या व्यापाऱ्यांना दिसतच असणार. माल गेला तर निदान माणसं तरी आपल्या धक्क्यावर उतरावीत, असा हिशोब मला यात दिसतो.

१७ मार्च, रविवार

कोणत्या सालचं हॉटेल करायचं? हा प्रश्न वाटला त्यापेक्षा बिकट निघाला. १८२४ ची इमारत साधी होती. थॉमस कोलने १८४४ मध्ये दोन तळी आणि हॉटेल यांचं सकाळचं चित्र रंगवलं (ते आता ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे); त्यातल्या हॉटेलाला अजून प्रसिद्ध दर्शनी रूप आलेलं नाही. ते आलं चार्ल्स बीचमुळे. त्याचा बाप इरॅस्टस बीच घोड्यांच्या टपालगाड्या चालवायचा. मुलाने १८३९ मध्ये हॉटेल चालवायला घेतलं, १८४५-४६ च्या सुमारास विकतच घेतलं आणि पुढच्या बाजूला कोरिंथियन घाटाचे तेरा उंच पांढरे खांब उभे केले. पुढे पाठीमागे आणि बाजूंना इतकी भर पडत गेली की १८८० नंतरच्या फोटोंत एका इमारतीऐवजी वाडीच दिसते.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात स्टिरिओ फोटो मुबलक आहेत. एकच दृश्य दोनदा, शेजारी शेजारी; खास चष्म्यातून पाहिलं की दृश्याला खोली येते. मोजमापाला ते कामाचे, कारण खांब आणि भिंत यांमधलं अंतर त्यातून बरंचसं काढता येतं. पण पुढची बाजू सोडून कुणी फारसे फोटो काढलेलेच नाहीत. स्वयंपाकघर, तबेला, धुणी वाळत घालायची जागा यांचे फोटो पाहुण्यांना विकले जाणार नव्हते ना.

तेरा खांबांवर काका अडले. "विषम खांब कोण घालतं? मधोमध खांब येईल." खरं आहे. देवळासारख्या दर्शनी भागाला खांब सम घेतात, म्हणजे मध्यावर मोकळी जागा येते. अंतरं सारखी धरली तर इथं बरोबर मध्यावर सातवा खांब येतो. मूळच्या तेरा राज्यांसाठी तेरा खांब, असं सांगतात. काकांचं मत मात्र बदललं नाही: "राज्यं किती का असेनात, दारासमोर खांब नको."

२३ मार्च, शनिवार

कामाची दिशा बदलली, आणि ती काकांमुळे. खांबांचा कच्चा नमुना टेबलावर उभा होता. त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "हे सगळं ठीक. पण वर जायचे कसे?" मी म्हटलं, त्याची वेगळी पाटी करणार आहे. "पाटी नको. रस्ता दाखव. रस्त्याशिवाय डोंगरावरचं हॉटेल म्हणजे नुसतं चित्र."

रात्री बसून पाट्यांचे मसुदे पुन्हा वाचले. बोटीचं भाडं, टपालगाडीवाल्याचा मुलगा, पुढे येणाऱ्या रेल्वे, केबलवर चालणारी गाडी, शेवटी मोटार. प्रत्येक पाटीत हॉटेलचं नशीब पालटतं ते वर यायची वाट पालटते तेव्हा. मग मुख्य प्रतिकृती इमारतीची कशाला? हडसन नदीपासून कड्यापर्यंतचा सगळा उतार करायचा आणि हॉटेल त्यावर ज्या मापात बसेल त्या मापात बसवायचं. खांबांचा दर्शनी भाग वेगळ्या फळीवर, मोठा करून शेजारी ठेवायचा.

हिशोब असा. नदी ते कडा सरळ अंतर सुमारे ८ मैल, म्हणजे १३ किलोमीटर. प्रमाण एकास दहा हजार घेतलं की लांबी १३० सेंटिमीटर. फोम बोर्डाची जाडी ५ मिलिमीटर. एक थर म्हणजे १०० फूट उंची. त्यामुळे उंची आडव्या मापाच्या सुमारे १.६ पट दिसेल, तेवढं चालेल. बावीस थर, वर हॉटेलसाठी अर्धा. हॉटेल स्वतः तूरडाळीच्या दाण्याएवढं होतंय. धाकट्याला हे मुळीच पटलेलं नाही.

८ एप्रिल, सोमवार

सूर्यग्रहण. आमच्या अल्बनीत खग्रास नव्हतं, पण बारीक कोर तेवढी उरली होती. काम नाही. उद्या पाडवा, उद्याही नाही.

१४ एप्रिल, रविवार

समोच्च रेषा सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाच्या मोफत नकाशांवरून घेतल्या. सगळे थर कापून रचले, अजून चिकटवले नाहीत. नुसते रचल्यावरच जे दिसलं ते नकाशात कधी जाणवलं नव्हतं. कॅट्सकिलच्या धक्क्याशी हडसनला समुद्राची भरती-ओहोटी येते, म्हणजे नदीचं पाणी जवळपास समुद्रसपाटीलाच. तिथून पहिले सहा थर ऐसपैस पसरलेत, जवळपास अख्खी फळी त्यांनीच व्यापली आहे. उरलेले सोळा थर शेवटच्या दोन तळहातांएवढ्या जागेत एकावर एक उभे. खोऱ्यातून वर पाहणाऱ्याला ही भिंत दिसायची आणि भिंतीच्या माथ्यावर पांढरा ठिपका. जाहिरातीचा एवढा मोठा फलक कुठल्या हॉटेलला फुकट मिळत नाही.

टपालगाडीचा रस्ता धक्क्यापासून सुमारे १२ मैलांचा. सपाटी संपली की चढ लागायचा आणि घोडे थकू नयेत म्हणून बऱ्याच पाहुण्यांना उतरून चालावं लागायचं. सकाळी निघालेली गाडी दुपार उलटल्यावर वर पोचायची. यात बीच घराण्याचा दुहेरी फायदा होता. गाड्या त्यांच्या, पुढे हॉटेलही त्यांचं. बोटीतून उतरलेला माणूस वर पोचेपर्यंत आणि परत धक्क्यावर येईपर्यंत बीचच्याच खिशात पैसे टाकत असे.

आता त्रास असा की आडवं हलवण्याइतका हा डोंगर मजबूत नाही. डिंक लावल्यावर थर वाकू नयेत म्हणून वर वरवंटा आणि दोन जाडजूड शब्दकोश ठेवलेत.

२८ एप्रिल, रविवार

चित्रांची पाटी. हे प्रकरण मला सगळ्यांत आवडतं, म्हणून जरा जास्त लिहिते.

हॉटेल सुरू झालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८२५ च्या शरदात, थॉमस कोल नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला तरुण चित्रकार हडसनवरून बोटीने या भागात आला. परत जाऊन त्याने रंगवलेली चित्रं न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली आणि ट्रंबुल, डनलॅप, ड्युरंड या नावाजलेल्या कलावंतांनी ती विकत घेतली. त्यांत हॉटेलजवळचा काटरस्किल धबधबाही होता. अमेरिकेतल्या निसर्गचित्रांची हडसन रिव्हर शाळा (म्हणजे चित्रकारांची परंपरा) म्हणतात तिची सुरुवात इथून धरतात. कोल पुढे कॅट्सकिल गावातच राहिला आणि १८४८ मध्ये तिथंच वारला.

लोकांना वाटतं की चित्रकारांनी रान शोधलं आणि मागोमाग हॉटेल आलं. क्रम उलटा आहे. आधी धक्का, बोट, गाडी, गादी आणि जेवण, मग चित्रकार. १८२६ च्या धबधब्याच्या चित्रात कोलने तिथला प्रेक्षकांसाठीचा कठडा आणि चौथरा गाळला आणि त्याजागी एक एकटा मूळनिवासी पुरुष उभा केला. शहरात ते चित्र पाहणाऱ्याला अस्पर्श अरण्य दिसलं. ते पाहून तो वर आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला.

याच धबधब्याच्या डोक्यावर पुढे लॉरेल हाउस नावाचं दुसरं हॉटेल निघालं. दोन टप्प्यांत मिळून २५० फुटांच्या आसपास पडणाऱ्या या पाण्याला उन्हाळ्यात धार उरत नाही. म्हणून वर बांध घालून पाणी अडवायचे आणि पाहुण्यांनी २५ सेंट दिले की सोडायचे. काका हे ऐकून इतके हसले की ठसका लागला. "पैसे टाका, धबधबा चालू!"

आणि अस्पर्श अरण्याबद्दल आणखी एक. याच डोंगरांत त्या काळात कातडी कमावण्याचे मोठे कारखाने होते. हेमलॉक झाडाच्या सालीत कातडं कमवायचा अर्क असतो. दक्षिण अमेरिकेतून जहाजाने आलेली कातडी हडसनवरून इथं आणायची, कारण कातड्यापेक्षा साल वाहून न्यायला महाग. हंटरला विल्यम एडवर्ड्सचा, प्रॅट्सव्हिलला झॅडॉक प्रॅटचा असे कारखाने होते. साल सोलली की उघडं खोड बहुधा तिथंच कुजायचं. ओढ्यांत कारखान्यांचं काळं पाणी जायचं. खोऱ्याकडे तोंड करून बसलेल्या पाहुण्यांच्या पाठीमागे हे सगळं चाललेलं असे. पाटीवर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्यात.

११ मे, शनिवार

काकांना घेऊन जागेवर जाऊन आले. पॅलनव्हिलपासून २३-ए रस्त्याने घळईतून वर, हेन्स फॉल्सला वळून तळ्यापाशी. गाडी लावून कड्यापर्यंत चालणं थोडंच आहे. काळ्या चिलटांनी मात्र हैराण केलं.

गवताच्या कडेला सपाट खडक आणि खाली एकदम पोकळी. खडकावर एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्यांनी कोरलेली नावं. घाईने खरडलेली नव्हेत. अक्षरांच्या रेघा, टोकं, साल, सगळं छिन्नीने नीट. उन्हाळाभर राहणाऱ्या माणसाजवळ वेळ असतो. हॉटेलचा सोहळा म्हणजे सूर्योदय. पाहुण्यांना पहाटे उठवायचे आणि सगळे ओसरीवर किंवा या खडकावर येऊन उभे राहायचे. कधी खोरं ढगांनी भरलेलं असे आणि पायांखाली पांढरा समुद्र. इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो १८३५ मध्ये इथं राहिली. तिला ऐकू फार कमी येई, कानाला नळी लावून ती बोलणं ऐके. तिने पुढे लिहिलं की नायगरा चुकला असता तरी चाललं असतं, पण हे चुकायला नको होतं. नायगराच्या बाजूने मला काही म्हणायचं होतं, पण त्या खडकावर उभं राहून वाद घालावासा वाटला नाही.

काकांनी मात्र खोऱ्याकडे पाच मिनिटंच पाहिलं. ते जुन्या गाडीरस्त्याची वाट शोधत होते. ती आता घोडेस्वारांची वाट म्हणून राखलेली आहे. थोडं खाली उतरून त्यांनी दगडी बांध पाहिले, पाणी कुठून काढलंय ते पाहिलं, वळणाशी उभे राहून उतार डोळ्यांनी मोजला. "आपल्याकडे घाटाला एकास वीस धरायचो. पसरणीला बघ, बस वर येते पण कळत नाही. हा चढ भारीच आहे. घोड्यांचे हाल." परत येऊन त्यांनी हिशोब केला. पायथ्यापासून कड्यापर्यंत चढण सुमारे १,६०० फूट. एकास वीसने न्यायचं तर ३२,००० फूट रस्ता लागला असता, म्हणजे जवळपास दहा किलोमीटरचा घाट. व्यापारी एवढा खर्च कशाला करतील? प्रवाशालाच उतरवून चालवलं की झालं.

१९ मे, रविवार

रेल्वेंचा दिवस. आणि कोंबडीचा.

१८८० च्या उन्हाळ्यात जॉर्ज हार्डिंग हा फिलाडेल्फियाचा मातबर पेटंट वकील माउंटन हाउसमध्ये उतरला होता. घरातल्या एकीला पथ्यासाठी तळलेली कोंबडी हवी होती. त्या दिवशीच्या पदार्थांत ती नव्हती आणि स्वयंपाकघराने नकार दिला. प्रकरण चार्ल्स बीचपर्यंत गेलं. कोंबडीच हवी असेल तर स्वतःचं हॉटेल बांधा, असं बीच म्हणाला म्हणतात. हार्डिंगने ते मनावर घेतलं. १८८१ मध्ये शेजारच्याच साउथ माउंटनवर त्याचं हॉटेल काटरस्किल उघडलं, माउंटन हाउसपेक्षा उंचावर आणि कितीतरी मोठं. त्या भागात ही गोष्ट सगळे सांगतात आणि सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. कुठं बायको, कुठं मुलगी. हॉटेल मात्र खरंच बांधलं गेलं. ते १९२४ च्या सप्टेंबरमध्ये जळून गेलं.

पण बीचला खरा धक्का कोंबडीने दिला नाही. दिला तो पाठीमागून आलेल्या रुळांनी. अल्स्टर अँड डेलावेअर रेल्वे १८७० नंतर किंग्स्टनकडून डोंगरांत शिरली. तिथून स्टोनी क्लोव्हची अरुंद लाइन हंटरकडे आणि १८८३ मध्ये तिचीच शाखा थेट काटरस्किलच्या पठारावर. पाहुणा आता मागच्या दाराने वर येऊ लागला. बोट नको, बीचची गाडी नको, भिंत चढणं नको. त्याच वाटेवर आणखी पन्नास गावं आणि स्वस्त खाणावळी होत्या, तिथं तो उतरू शकत होता.

बीच गाडीवाल्याचा मुलगा. पन्नास वर्षं घोडागाडीवर कमावलेल्या या माणसाने सत्तरीपलीकडे रेल्वे काढली. १८८२ मध्ये धक्क्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत कॅट्सकिल माउंटन रेल्वे सुरू झाली. तरी शेवटचा चढ घोड्यांवरच राहिला. मग १८९२ मध्ये ऑटिस एलिव्हेटिंग रेल्वे. ऑटिस म्हणजे तेच, लिफ्टवाले. सुमारे ७,००० फूट लांबीचे सरळ रूळ, चढण १,६०० फूट, वेळ दहा मिनिटं. केबलच्या दोन टोकांना दोन डबे, एक वर येताना दुसरा खाली जातो, मधोमध एकमेकांना ओलांडायची जागा, आणि वर वाफेचं इंजिन. सकाळी न्यूयॉर्कहून निघालेला माणूस आता संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसलेला असे.

आमच्या फळीवर हा मार्ग २१ सेंटिमीटर आणि सोळा थरांचा. गोधडीचा दोरा, दोन आगपेटीचे तुकडे आणि वर जुन्या कॅसेटमधली चाकी. धाकट्याने जोडलं आणि चाललं. पायऱ्यांसारख्या थरांवर डबे अडकत होते, म्हणून रुळांखाली पुठ्ठ्याची सरळ पट्टी टाकली. खऱ्या मार्गालाही असंच खडक फोडून आणि लाकडी पूल टाकून सरळ करावं लागलं होतं. डोंगरावरची ती चीर खोऱ्यातून अजून ओळखू येते.

१ जून, शनिवार

छोटी पण मजेची भर. माउंटन हाउसच्या आसपासची शिखरंच कॅट्सकिलमधली सगळ्यांत उंच, असा या भागातल्या हॉटेलांचा दावा असे. प्रिन्स्टनचे भूगोलज्ञ अर्नोल्ड गायो यांनी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात हिंडून हवेच्या दाबावरून शिखरं मोजली आणि १८८० च्या सुमारास नकाशा प्रसिद्ध केला. सर्वांत उंच निघालं नैर्ऋत्येकडचं स्लाइड माउंटन, ४,१८० फूट. हॉटेलवाल्यांना ते रुचणं शक्यच नव्हतं. आमच्या फळीत स्लाइड माउंटन येत नाही. बीच खूश झाला असता.

८ जून, शनिवार

शेवटची पाटी. ती लिहायला वेळ लागला नाही. चार्ल्स बीच १९०२ मध्ये नव्वदी ओलांडून वारला. ऑटिसचा मार्ग १९१८ मध्ये बंद झाला आणि लोखंड युद्धाच्या भंगारात गेलं. त्यानंतर मोटार. मोटार असलेलं कुटुंब उन्हाळाभर एका ठिकाणी पेट्या सोडून बसत नाही. ते आज इथं, उद्या ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाहुणे घेणं थांबलं. नोव्हेंबर १९५० च्या वादळाने इमारत खिळखिळी केली, काही खांबही पडले. १९६२ मध्ये जागा राज्याकडे गेली.

हे डोंगर राज्याच्या राखीव वनात आहेत. तिथली जमीन कायम रानच राहावी असं न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत १८९४ पासून लिहिलेलं आहे. त्या कलमात मोडकळीला आलेल्या हॉटेलला जागा नव्हती आणि हौशी लोक आत शिरत असल्याने धोकाही होता. २५ जानेवारी १९६३ च्या पहाटे राज्याच्या संवर्धन खात्यानेच इमारतीला आग लावली.

राग येतो, येऊ नये असंही वाटतं. हॉटेल राहिलं असतं तर आमच्या मंडळाला तिथं डबे उघडून पुरी-भाजी खाता आली असती का, शंका आहे. आज तिथं वाहनतळाचे पैसे भरले की कुणीही कड्यावर जाऊन बसतं. दुसरीकडे, खांबांचा दर्शनी भाग तेवढा राखायला काय हरकत होती, हेही मनातून जात नाही. पाटीवर मत लिहिलं नाही, तारीख लिहिली.

२२ जून, शनिवार

सहल. फळी डोंगराच्या पायथ्याशी, सहाव्या आणि सातव्या थराच्या मध्ये कापून दोन भागांत नेली, नाहीतर व्हॅनमध्ये मावत नव्हती. निघताना खाली गाडीच्या काचेवर ९१ फॅरनहाइट, वर तळ्यापाशी ८४. हा आकडा बीचने जाहिरातीत घातला असता.

मुलांनी डबे वरखाली करून दोरा दोनदा तोडला. तेरा खांबांपुढे बायांनी फोटो काढले. एका आजींनी विचारलं की एवढ्या माणसांचे कपडे कुठं धुवायचे, आणि मला उत्तर देता आलं नाही. मागच्या बाजूचे फोटोच नाहीत ना. तळी दोन होती, मग आता एकच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मधला बांध काढून राज्याने ती जोडली, हे पाटीवर नव्हतं, घालायला हवं.

फळीला आमच्या गावच्या वाचनालयाने ऑगस्टभर जागा दिली आहे. त्याआधी एवढं करायचं: दोऱ्याऐवजी मासे पकडायची गळदोरी, वर ॲक्रिलिकचं झाकण, तळ्यांची ओळ. काका पुढच्या महिन्यात परत जातात. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर पाइन ऑर्चर्डला जायचा स्वतःचा घाट आखून दिलाय, एकास वीस, वळणांसकट, मोऱ्यांच्या खुणा घालून. तो फळीवर कायमचा चिकटव म्हणतात. तसं केलं तर लोक तो खरा समजतील, म्हणून वरून ठेवता येईल असा सुटा ठेवलाय. कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलने खातं, साल आणि ‘मंजुरीसाठी सादर’ असं लिहिलंय.